विलंबाने आलेला क्ष

नोंदरावांना गणित येत नव्हतं असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. पानभर उभी बेरीज ते समोरच्याशी बोलता बोलता करायचे आणि खाली आकडा टाकून वर पेनाची टोपी लावायचे. पावणेपन्नास वर्षांच्या आयुष्यात त्यांचं वैर होतं ते फक्त एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'समजा'.

आता याला कारण होतं. माणूस सव्वीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत बसलेला. तिथे कुणी काही समजत नाही. खिडकीसमोर धडधाकट माणूस उभा राहून 'मी जन्मलोय हो' म्हणाला तरी त्याच्याकडे कागद मागायचा, हे नोंदरावांचं काम. 'नोंदराव' हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी ठेवलेलं. कारण घरातला दिवा गेला तरी तो कधी गेला, किती दिवस चालला, हे ते दाराआडच्या वहीत लिहून ठेवायचे. असल्या माणसाला गणिताचं पुस्तक म्हणणार, 'समजा मुलीचे वय क्ष आहे.' का म्हणून समजायचं? मुलगी आहे, आई आहे, दोघी जिवंत आहेत, मग दाखला का नाही?

हे वैर त्यांनी जन्मभर सुखाने सांभाळलं असतं. पण मधे आली ती खात्याची परीक्षा. मुख्य लिपिकाची खुर्ची दोन महिन्यांत रिकामी होणार होती आणि तिच्यावर बसायचं तर 'व्यावहारिक गणित' नावाच्या पेपरात शंभरात पन्नास हवे होते. नोंदराव त्यात दोनदा नापास झाले होते. पन्नाशीनंतर परीक्षेला बसता येत नाही असा नियम, म्हणजे ही शेवटची संधी. त्यातून पलीकडच्या टेबलावरची कनिष्ठ लिपिक, जिला शिक्का सरळ मारायला यांनीच शिकवलं होतं, ती पहिल्या झटक्यात पास होऊन बसली होती. नोंदराव गचकले तर खुर्ची तिची. मग रजेचा अर्ज तिच्यापुढे धरायचा आणि ती 'सर, बसा ना' म्हणणार. उद्धट असती तर निदान रागावता आलं असतं. पण ती चांगली होती, आणि या चांगुलपणानेच नोंदरावांच्या घशाखाली घास उतरेना.

बायकोने दोन दिवस त्यांचं तोंड पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "मी आईला बोलावतेय."

सासूबाई म्हणजे तेहेतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्या आल्या त्या एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात खडूंचा डबा घेऊन. सासूने जावयाला शिकवायचं ही गोष्टच मुळात अवघड. मान तर ठेवायचा, आणि अक्कल नाही हेही सांगायचं. सासूबाईंनी यातून मार्ग काढला होता. त्या 'जावईबापू' म्हणून सुरुवात करायच्या आणि 'अहो, डोकं चालवा' म्हणून संपवायच्या. दोन्हीच्या मधे आवाजात तसूभर फरक नसायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी सोपं उदाहरण दिलं. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आजची वयं सांगा. नोंदरावांनी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं की ही माहिती दिली कुणी. सासूबाई म्हणाल्या, पुस्तकाने. मग ज्याला आई मुलीच्या तिप्पट आहे हे कळलं, बारा वर्षांनी काय होणार हेसुद्धा कळलं, त्याला साधं आजचं वय कळू नये? नोंदरावांच्या मते हा माणूस काहीतरी दडवत होता. सासूबाईंनी खडू खाली ठेवला.

"जावईबापू, मुलीचं वय क्ष मानायचं. मानायचं. तिच्या घरी चौकशीला जायचं नाही."

"पण आई, मानलं आणि उद्या ते निघालं वेगळंच, तर जबाबदार कोण?"

आठवडाभर हेच चाललं. खरं सांगायचं तर नोंदरावांना गणिताचा कंटाळा नव्हता, उलट फाजील उत्सुकता होती. उदाहरणातली माणसं त्यांच्या डोक्यातून जाईनात. दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर का निघाल्या आणि स्टेशनमास्तर काय करत होता? एक काम सहा मजूर दहा दिवसांत करतात, मग चौथ्या दिवशी दोघं जण निघून का गेले, भांडण झालं का? जेवताना ते मधेच घास थांबवून विचारायचे, आणि बायको म्हणायची की ते दोघं मजूर शहाणे होते.

पण खरा घात केला तो टाकीने. वरच्या नळाने टाकी चार तासांत भरते, तळाच्या तोटीने सहा तासांत रिकामी होते. दोन्ही एकदम चालू ठेवले तर रिकामी टाकी किती वेळात भरेल? सासूबाईंनी उत्तर सांगून टाकलं, बारा तास. नोंदरावांना ते पटेना. पटेना म्हणजे काय, त्यांना झोपच लागेना. चार तासांत भरणाऱ्या टाकीला बारा तास? आणि सहाचं काय झालं? शेवटी त्यांनी कचेरीतल्या सवयीने ठरवलं की स्थळपाहणी केल्याशिवाय यावर निर्णय देता येणार नाही.

इमारतीच्या गच्चीवर टाकी होतीच. तळमजल्यावर राहणारे निवृत्त ओव्हरसियर होते, त्यांना बातमी लागायचा अवकाश, ते पायजम्यावरच वर आले. त्यांनी आयुष्यात तीन पूल आणि असंख्य गटारं बांधली होती आणि निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. त्यांनी लगेच सल्ला दिला की पाण्याची खोली मोजायला काठी हवी, काठीवर खुणा हव्यात आणि खुणा तांबड्या हव्यात. मग इमारतीचा सेक्रेटरी आला. गच्चीच्या दाराची किल्ली त्याच्याकडे असायची आणि ती लेखी अर्जाशिवाय मिळत नसे. अर्जात 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. नोंदरावांनी खोटं लिहायचं नाही म्हणून 'गणित' लिहिलं. सेक्रेटरी म्हणाला, यादीत दुरुस्ती आहे, साफसफाई आहे, वाळवण आहे, गणित नाही. अर्ज परत. मग 'टाकीची पाहणी' असं लिहून दुसरा अर्ज केला, त्यावर ओव्हरसियरांनी तज्ज्ञ म्हणून सही ठोकली आणि किल्ली मिळाली. एका शब्दाच्या खोटेपणाने नोंदराव दिवसभर खजील होते.

रविवारी सकाळी सहाला तिघे गच्चीवर गेले. टाकी रिकामी हवी, म्हणून आधी तिच्यातलं पाणी सोडून दिलं. सात वाजता खालून पाणी आलं, वरचा नळ धो धो सुरू झाला, तळाची तोटी उघडी ठेवली. ओव्हरसियर काठी बुडवत होते, सेक्रेटरी घड्याळ बघत होता, नोंदराव नोंद करत होते. पाणी चढत होतं, पण अगदी रेंगाळत. नोंदरावांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, आई खोटं बोलत नव्हत्या. तासाभरात काठीची पहिली तांबडी खूण भिजली, आणि तेवढ्यात वरचा नळ खाकरला, दोनदा हिसका देऊन गप्प झाला.

सकाळी आठला पाणी जातं हे त्या इमारतीतल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. गच्चीवर एकही बाई नव्हती.

तिघांनी आधी नळाकडे, मग एकमेकांकडे पाहिलं. तोटी आपलं काम इमानाने करत राहिली. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही, कारण सेक्रेटरीच्या मते पुस्तकात तोटी बंद करण्याचा उल्लेख नव्हता. आणि नेमक्या त्या वेळी, दोन मजले खाली, सासूबाई तोंडाला साबण लावून नळ सोडायला गेल्या होत्या. डोळे मिटलेल्या अवस्थेत त्यांनी लेकीला हाक मारली. ती हाक गच्चीवर स्पष्ट ऐकू आली.

पुढचं फार सांगण्यात अर्थ नाही. आठ बिऱ्हाडांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी नव्हतं. ओव्हरसियर दुपारपर्यंत घरी गेले नाहीत, कारण घरी बायको होती. सेक्रेटरीने, जो स्वतः घड्याळ धरून उभा होता, त्यानेच संध्याकाळी जिन्यात सूचना लावली की गणिताच्या कारणासाठी गच्चीवर जाण्यास सक्त मनाई आहे. येणारा-जाणारा ती वाचायचा आणि नोंदरावांच्या दाराकडे बघायचा. सव्वीस वर्षांत ज्यांच्या नोंदीत एक खाडाखोड नाही, त्या माणसाचं नाव न घेता केलेली ही बेअब्रू होती. नोंदरावांनी पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं आणि बायकोला सांगितलं, आईंना म्हणावं, मला जमणार नाही.

सासूबाईंनी हे आतून ऐकलं. सकाळपासून त्या जावयाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या बाहेर आल्या, समोर बसल्या. रागवायचं म्हणूनच बसल्या होत्या, पण त्या माणसाचा पडलेला चेहरा पाहून त्यांचा राग कुठेतरी गेला असावा. त्यांनी भलतंच विचारलं. म्हणाल्या, तुमच्या कचेरीत दिवसभर काय करता हो तुम्ही? लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी कधी विचारलंच नाही.

नोंदरावांनाही कुणी हे कधी विचारलं नव्हतं. ते सांगायला लागले. अर्ज कसा येतो, दवाखान्याचा कागद कसा जोडतात, नोंदवहीच्या दोन प्रती कशा असतात, एक खाली, एक वरच्या कार्यालयात. एकीत जी दुरुस्ती केली तीच दुसरीत करावी लागते, नाहीतर दोन्ही प्रती बाद. सासूबाई ऐकत होत्या. मधेच त्यांनी हात वर केला.

"बाळ जन्मलं त्या दिवशी त्याचं नाव ठरलेलं नसतं. मग नोंद थांबवता का?"

"छे हो. बाळ आलंय ना? नोंद करायची. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, सगळं लिहायचं आणि नावाचा रकाना कोरा ठेवायचा. नाव ठरलं की येऊन भरतात."

"तोच क्ष," सासूबाई म्हणाल्या.

नोंदराव त्यांच्याकडे बघतच राहिले. सासूबाईंनी खडूचा डबाही आणला नाही. समोर पडलेल्या वर्तमानपत्राच्या कडेवर त्यांनी लिहून दाखवलं. मुलगी आहे, याबद्दल शंका नाही. तिच्या वयाचा रकाना कोरा, तिथे तात्पुरता क्ष. आई तिप्पट, म्हणजे तीन क्ष. बारा वर्षांनी मुलगी क्ष अधिक बारा, आई तीन क्ष अधिक बारा, आणि आई मुलीच्या दुप्पट. मधे बरोबरचं चिन्ह. ही डावीकडची तुमची खालची प्रत, ही उजवीकडची वरच्या कार्यालयातली. एकीतून जे काढाल ते दुसरीतूनही काढायचं.

नोंदरावांनी पेन्सिल त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. दोन्ही प्रतींतून दोन क्ष काढले, दोन्ही प्रतींतून बारा काढले. एकीकडे क्ष राहिला, दुसरीकडे बारा. मुलगी बारा वर्षांची, आई छत्तीसची. त्यांनी बारा वर्षं पुढे मोजून पाहिली, चोवीस आणि अठ्ठेचाळीस. रकाना भरला होता. इतके दिवस ज्या मुलीवर ते दाखल्यासाठी डोळे वटारत होते, तिचं वय तिच्याच नोंदीतून निघालं होतं. ते कपाटावरचं पुस्तक काढायला खुर्चीवर चढले तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की जेवण वाढलंय, पण त्यांना ते ऐकू आलं नाही.

पुढचे पाच आठवडे त्यांनी गाड्या, मजूर, मिश्रणं, शेतांच्या कडा, जे समोर आलं त्याच्या नोंदी केल्या. मजूर का निघून गेले याची उत्सुकता गेली नव्हती, पण ते आता आधी उत्तर काढायचे आणि मग विचारायचे. सासूबाईंनी जायचा दिवस दोनदा पुढे ढकलला.

परीक्षेच्या दिवशी नोंदराव पहिल्या बाकावर बसले. आठ प्रश्न सरळ गेले. नववा चार गुणांचा होता. वडिलांचे आजचे वय चाळीस वर्षे आणि मुलाचे दहा वर्षे आहे, तर किती वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या सातपट होईल? त्यांनी कोऱ्या रकान्यात क्ष घातला. चाळीस अधिक क्ष बरोबर सात गुणिले दहा अधिक क्ष, कंसासकट. दोन्ही प्रतींत सारख्या दुरुस्त्या केल्या आणि क्ष निघाला उणे पाच.

मागे कुजबुज सुरू झाली होती. कुणीतरी उभं राहून म्हणालं, प्रश्न चुकलाय, आजच बाप चौपट आहे, पुढे आकडा कमीच होणार, सातपट होणार कधी? पर्यवेक्षकाने कुठेतरी फोन केला आणि सांगितलं, जसं छापलंय तसं सोडवा. बहुतेकांनी 'प्रश्न चुकीचा' लिहून पुढचं पान उलटलं. नोंदरावांनी हातातलं गणित तीनदा तपासलं. प्रती जुळत होत्या. आणि प्रती जुळत असताना नोंद चुकीची म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मग त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची खिडकी आली. रोज एक तरी असा येतोच. मुलाला शाळेत घालायची वेळ आली की बाप धापा टाकत येतो, साहेब, जन्माची नोंद करायची राहिली. उभा असतो आज, पण घटना मागची असते. नोंदरावांनी चाळिसातून पाच काढले, दहातून पाच काढले. पस्तीस आणि पाच. सातपट. त्यांनी शांतपणे लिहिलं, 'उत्तर: उणे पाच. सदर घटना पाच वर्षांपूर्वीच घडलेली आहे. अर्ज विलंबाने आला.'

निकाल लागला. त्यांना अठ्ठेचाळीस मिळाले.

उत्तरपत्रिकेची प्रत मागवली तेव्हा कळलं की नववा प्रश्न सदोष ठरवून त्याचे गुण कुणालाच दिले नव्हते. नोंदरावांच्या त्या उत्तरावर तांबडी रेघ होती. सासूबाईंनी प्रत हातात घेतली, प्रश्न वाचला आणि म्हणाल्या की प्रश्न चुकीचाच आहे, 'किती वर्षांनी' विचारलंय आणि उत्तर उणे येतंय. मग त्यांची नजर खालच्या दोन ओळींवर गेली. त्यांचे ओठ हलू लागले, पस्तीस, पाच, पस्तीस, पाच. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, जावईबापू. मी येते बरोबर."

परीक्षा विभागाचा अधिकारी जाडजूड, झोपाळू गृहस्थ होता. गणिताशी त्याचा संबंध नव्हता, त्याचा संबंध फायलींशी होता. सासूबाई शाळेतल्यासारखं समजवायला गेल्या तसा तो घड्याळ बघू लागला. नोंदरावांनी त्यांना हाताने थांबवलं. सासूला थांबवायची त्यांची ती पहिलीच वेळ.

"साहेब, घटना घडलीये पाच वर्षांपूर्वी. चौकशी करणारा आलाय आज. तो विचारतोय, कधी होणार? आपण म्हणायचं, बाबा रे, होऊन गेली. आता एवढ्यावरून घटना घडलीच नाही असं लिहायचं का?"

अधिकारी जागा झाला. "म्हणजे हे विलंबाचं प्रकरण आहे."

"होय साहेब."

"मग सरळ नाकारता येत नाही. विलंबाच्या प्रकरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते."

"सक्षम अधिकारी आपणच आहात," नोंदराव म्हणाले.

अधिकाऱ्याने हे तपासून पाहिल्यासारखी मान हलवली, दोन्ही वयांतून पाच वजा करून खात्री केली आणि पेन उघडलं. ज्यांनी उत्तर काढलं होतं त्यांना चार गुण द्यावेत असा शेरा त्याने मारला. असा माणूस एकच निघाला. अठ्ठेचाळीस आणि चार किती होतात याला कोणत्याही क्षची गरज नव्हती.

बाहेर आल्यावर नोंदरावांना कधी एकदा घरी सांगतो असं झालं होतं. पण सासूबाई जिन्याखालच्या बाकावर बसल्या. नोंदरावांना वाटलं, पाय दुखत असतील. ते शेजारी बसले.

"आमच्या पुस्तकात असंच एक उदाहरण होतं," त्या म्हणाल्या. "दरवर्षी दोन-तीन मुली उणे उत्तर काढायच्या. मी फुली मारायचे. एक जण रडत आली होती, म्हणाली, बाई, मी चारदा केलंय. मी म्हटलं, पाचव्यांदा कर." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तेहेतीस वर्षं, जावईबापू. आता कुठे शोधू मी त्या पोरींना?"

नोंदरावांनी खिशातून वही काढली, नवं पान उघडलं, वर तारीख घातली आणि दोन रकाने आखले.

"आई, नावं सांगा. जन्मल्या असतील तर आमच्याकडे आहेत."

सासूबाईंनी डोळे मिटले. पहिलं नाव त्यांना आडनावासकट आठवलं.